सूर लांबवायचा कसा?

प्रश्न : दादा, सिडकोत फ्लॅटमध्ये राहतो, अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर) वाढवला की खालच्या काकू लगेच बेल वाजवतात, मग गिटारचा सूर लांबवायचा कसा? ईबो (तार सतत हलती ठेवणारं हातात धरायचं छोटं यंत्र) घेऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अरे, सूर लांबवायचा एक मार्ग म्हणजे फीडबॅक, त्यात अँपचा मोठा आवाजच तार हलवत ठेवतो, त्यामुळे काकू आहेत तोवर ते सोड. ईबो १९७६ पासून मिळतो, आत ९ व्होल्टची बॅटरी, एक कॉइल तारेचं कंपन पकडते नि दुसरी चुंबकाने तीच तार हलवत राहते, म्हणून हळू आवाजातही चालतो. पण एका वेळी एकच तार हां, कॉर्ड (अनेक तारा एकत्र वाजवणं) विसर. त्याआधी पिकअप (तारांखालचा, कंपन पकडणारा चुंबकाचा भाग) बघ, तारांना फार चिकटला असेल तर स्क्रूने जरा खाली घे, चुंबक तार ओढून धरतं नि सूर लवकर विरतो, हे फुकटात होतं.