रिस्क-व्हीवर प्रोग्रॅम अडकतो म्हणून जीसीसी पुन्हा बांधायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंटेलवर वर्षानुवर्षं चाललेला सी प्रोग्रॅम स्वतः बांधलेल्या क्रॉस जीसीसीने (एका प्रकारच्या प्रोसेसरवर चालून दुसऱ्या प्रकारासाठी कोड बनवणारा जीसीसी कंपायलर) रिस्क-व्ही या वेगळ्या प्रोसेसर-रचनेसाठी कंपाइल केला. आता फाइल वाचणारा लूप संपतच नाही, आणि दोन थ्रेडचा भाग इंटेलवरच्या क्यूईएमयूत (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा एम्युलेटर) चालतो पण चार कोअरच्या बोर्डावर मधूनच अडकतो. दोष कंपायलरचा आहे का?

बहुतेक नाही, पण खात्री करून घ्या. बांधणीचा क्रम असा हवा: बिनयुटिल्स (असेंब्लर आणि लिंकर), कर्नलचे हेडर, फक्त सीपुरता पहिला जीसीसी, त्याने ग्लिबसी (सीची मूळ लायब्ररी), मग पूर्ण जीसीसी. सगळीकडे आर्किटेक्चर आरव्ही६४जीसी आणि एबीआय (फंक्शनांनी एकमेकांना आकडे कसे द्यायचे याचे नियम) एलपी६४डी, म्हणजे डबल आकडे फ्लोट रजिस्टरमधून देणारा. एखादी लायब्ररी चुकून फ्लोट रजिस्टर न वापरणाऱ्या एलपी६४ने बांधली असती तर लिंकरनेच सॉफ्ट-फ्लोट आणि डबल-फ्लोट जुळत नाहीत म्हणून काम थांबवलं असतं. तुमचं लिंकिंग पार पडतंय, म्हणजे इथपर्यंत ठीक आहे.

लूपचं कारण जवळजवळ नक्की हेच: एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटचार फंक्शनचं उत्तर तुम्ही 'चार' या एका बाइटच्या प्रकारात ठेवताय. इंटेलवर साधा 'चार' साइन्ड (ऋण आकडेही धरणारा) असतो, रिस्क-व्ही लिनक्सवर अनसाइन्ड. त्यामुळे ईओएफचा (फाइल संपल्याच्या खुणेचा) -१ तिथे २५५ होतो, आणि २५५ कधीच -१ शी जुळत नाही. व्हेरिएबल इंट करा. 'चार' साइन्ड धरायला लावणारा जीसीसीचा पर्याय आहे, पण त्याने दुखणं फक्त झाकलं जातं. इंटेलवरही हाच कोड फाइलमध्ये २५५चा बाइट आला की आधीच थांबत होता.

थ्रेडचं प्रकरण जास्त गंभीर आहे. आधी डेटा लिहायचा, मग व्होलटाइल 'तयार' फ्लॅग १ करायचा, ही रचना इंटेलवर निभावते, कारण तिथे एका कोअरची लिखाणं दुसऱ्याला त्याच क्रमाने दिसतात. रिस्क-व्हीच्या मेमरी मॉडेलमध्ये ती हमी नाही; फ्लॅग आधी आणि डेटा नंतर दिसू शकतो. व्होलटाइल फक्त कंपायलरला आवरतं, तेही व्होलटाइल व्हेरिएबलांपुरतं; प्रोसेसरला नाही. फ्लॅग अटॉमिक करा (थ्रेडमध्ये सुरक्षितपणे वाटून वापरायचा प्रकार), लिहिताना रिलीज आणि वाचताना अ‍ॅक्वायर हे क्रम राखणारे पर्याय वापरा. मग कंपायलर योग्य जागी फेन्स, म्हणजे प्रोसेसरला क्रम पाळायला लावणारी सूचना, घालतो. क्यूईएमयूत हे दिसलं नाही, कारण खाली शेवटी इंटेलचाच प्रोसेसर राबत होता. म्हणून क्यूईएमयूच्या भरवशावर थ्रेडचा कोड पास करू नका.

गप्प राहणारे फरकही शोधा. पूर्णांकाला शून्याने भागलं की इंटेलवर प्रोग्रॅम कोसळतो. रिस्क-व्हीवर ट्रॅपच (चूक झाली म्हणून प्रोसेसरने थांबणं) नाही: भागाकार -१ येतो, बाकी म्हणून भाज्य जसंच्या तसं, आणि चुकीचा आकडा पुढे वाहत जातो. लाँग डबल दोन्हीकडे १६ बाइटचाच, पण इंटेलवर आत ८० बिटचा आकडा असतो आणि इथे १२८ बिटचा. आकार तपासणारी चाचणी पास होते, जुनी बायनरी फाइल मात्र कचरा वाचते. पॅक्ड स्ट्रक्टमधल्या (मधल्या रिकाम्या जागा काढलेल्या) फील्डचा पॉइंटर घेऊन थेट वाचत असाल तर तेही मेमकॉपीवर (बाइट जसेच्या तसे कॉपी करणारं फंक्शन) न्या. यू७४सारख्या रिस्क-व्ही कोअरवर मिसअलाइन्ड वाचन (आकाराच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरून वाचणं) हार्डवेअर करत नाही, फर्मवेअर ट्रॅप पकडून करतं आणि वेग पार ढासळतो.

पुढचं पाऊल बोर्डावर नको. इंटेलवरच एकदा अनडिफाइन्ड-बिहेविअर सॅनिटायझर, आणि वेगळ्या बिल्डमध्ये थ्रेड सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना अशा चुका पकडणारे कंपायलरचे पर्याय) लावून चाचण्या चालवा. फ्लॅगची रेस (दोन थ्रेडची अनियंत्रित टक्कर) तिथेच ओळ क्रमांकासकट सापडेल. त्यानंतरही बोर्डावर अडकलं, तर तेवढी एक फाइल ओ० ने (ऑप्टिमायझेशन बंद करून) कंपाइल करून पाहा आणि असेंब्ली इथे टाका.