‘ही रेंज जरा वरची आहे, सर’

महागड्या दुकानात शिरलं की विक्रेता आधी पायांकडे बघतो, मग मनगटाकडे, मग चेहऱ्याकडे. तेवढ्यात आपली ऐपत ठरते आणि पुढचं सगळं वागणं त्या हिशेबाने होतं. ही तक्रार माझ्याकडे समुपदेशनात सहसा एकटी येत नाही. नवरा-बायकोच्या भांडणात, क्रेडिट कार्डाच्या थकबाकीत किंवा ‘हल्ली मी कुठे जातच नाही’ अशा एखाद्या वाक्यात ती दडलेली असते. पुढची हकिकत अशाच एका गृहस्थांची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, गुंता तोच ठेवलाय.

वय पंचेचाळिशीच्या पुढे, स्वतःचं लेथ मशीनचं वर्कशॉप, हाताखाली माणसं. नखांत बसलेलं ऑइल साबणाने निघत नाही. यंत्रांचं वेड असल्यामुळे एक चांगलं ऑटोमॅटिक, म्हणजे बॅटरीशिवाय मनगटाच्या हालचालीवर चालणारं, घड्याळ घ्यायचं खूप दिवस मनात होतं. काय हवं तेही पक्कं होतं : तीन काटे, तारीख आणि ३८-३९ मिलिमीटरची केस (तबकडीभोवतीचं कवच), कारण मनगट बारीक, १६ सेंटिमीटरचं. काम संपवून तसेच दुकानात गेले. शोकेस उघडायच्या आधीच विक्रेता म्हणाला, “ही रेंज जरा वरची आहे, सर. त्या बाजूला क्वार्ट्झमध्ये चांगले पीस आहेत.” क्वार्ट्झ म्हणजे बॅटरीवरची, बहुधा स्वस्त घड्याळं. यांनी समोरच्या सगळ्यांत महागड्या दिसणाऱ्या घड्याळावर बोट ठेवलं आणि कार्ड पुढे केलं. घरी आलं ते ४४ मिलिमीटरचं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ. शर्टाचा कफ त्यावरून जात नाही, म्हणून ते कपाटात पडून. त्यानंतर दीड वर्ष अशा कुठल्याही दुकानात पाऊल टाकलं नाही. पत्नी आत गेली तर हे गाडीत बसून राहायचे. शेवटी पत्नीच त्यांना घेऊन आली.

त्यांचा पहिला प्रश्न होता, “मॅडम, एकच सांगा. त्याने मला कपड्यांवरून जोखलं की नाही?”

जोखलं असणार. ‘अहो, तुमचा गैरसमज झाला असेल’ हे वाक्य इथे घरचे, मित्र आणि घाईतले समुपदेशकही बोलून जातात. ऐकणाऱ्याला मग दुकानात एकदा आणि इथे एकदा, असं दोनदा खोटं पडल्यासारखं होतं. अशा दुकानांत जोखणं हा कामाचाच भाग असतो. अनेक ठिकाणी विक्रेत्याला विक्रीवर कमिशन असतं. एका गिऱ्हाइकाला तासभर दिला की तो तास दुसऱ्या कुणाला देता येत नाही. महागडे नग एका वेळी एक-दोनच बाहेर काढायचे, असा सुरक्षेचा नियमही बऱ्याच ठिकाणी असतो. म्हणून ‘हा घेणार की नुसता बघणार’ हा अंदाज विक्रेता सतत बांधत असतो.

अंदाज बांधणाऱ्याचं कौशल्य मात्र आपण समजतो तेवढं सरळ नसतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिल्व्हिया बेलेझा आणि सहकाऱ्यांनी मिलानमधल्या उंची दुकानांतल्या विक्रेत्यांना विचारलं : व्यायामाचे कपडे घालून आलेली बाई मोठी गिऱ्हाईक वाटते, की ड्रेस आणि फरकोट घालून आलेली? दुकानांशी संबंध नसलेल्या लोकांनी फरकोटवालीला वरचढ ठरवलं, मुरलेल्या विक्रेत्यांनी व्यायामाच्या कपड्यांतलीला. साध्या कपड्यांतला माणूस मुद्दाम, बेफिकिरीने तसा आलाय असं वाटलं तर त्याचा भाव वाढतो, चुकून तसा आलाय असं वाटलं तर नाही. म्हणजे ‘नीट कपडे करून गेलो की प्रश्न मिटला’ हे गणितही बसत नाही.

दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, तो मी काढला. त्या दुकानात जे घडलं त्यातलं समोरून किती आलं आणि आतून किती?

रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा यांचा १९८० चा एक प्रयोग इथे कामाला येतो. सहभागी व्यक्तींच्या चेहऱ्यावर मेकअपने मोठा व्रण काढला, आरशात दाखवला आणि ‘व्रण तडकू नये म्हणून क्रीम लावतो’ असं सांगून तो गुपचूप पुसून टाकला. चेहरा स्वच्छ असताना ही माणसं दुसऱ्याशी बोलून आली आणि सांगू लागली की समोरचा व्रणामुळे अवघडला होता, टक लावून बघत होता. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं की लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घातलेल्या विद्यार्थ्याला वाटतं, खोलीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला. प्रत्यक्षात पाव भागाच्याच लक्षात येतो. जोखणं नसतंच, असं या प्रयोगांवरून म्हणता येत नाही. आतली चुरचुर हे मोजायचं साधन म्हणून भरवशाचं नाही, एवढं मात्र नक्की कळतं. मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्या माणसाला हे पटकन कळलं. ‘गेजच झीरोवर नाही’ असं ते स्वतःच म्हणाले.

मग कागद घेतला आणि त्या संध्याकाळचं जे जे टोचलं ते एकाखाली एक लिहिलं. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न : छतावरच्या कॅमेऱ्यात हे दिसलं आणि ऐकू आलं असतं का? ‘त्याने माझा अपमान केला’ कॅमेऱ्यात दिसत नाही, ‘न विचारता स्वस्त बाजू दाखवली’ हे दिसतं. पाच ओळी निघाल्या. दारावरच्या गार्डने निरखून पाहिलं : दिसतं, पण तो सगळ्यांनाच तसं बघतो, त्याचा पगारच त्याचा. काउंटरमागे दोघं हसली : दिसतं, पण कशावर ते कळायला मार्ग नाही. विक्रेत्याची नजर हातांवर गेली : दिसतं, आणि घड्याळ विकणारा प्रत्येकाच्या मनगटाकडे बघणारच. ‘ही रेंज जरा वरची आहे’ हे वाक्य आणि न उघडलेली शोकेस, या दोन ओळी मात्र भक्कम उरल्या. त्या उरू द्यायच्या. पाचच्या पाच खोडायचा अट्टहास केला तर कागदावरचा विश्वास उडतो.

खरा खर्च मात्र या दोन ओळींनी झाला नव्हता, तो कार्ड पुढे करण्याने झाला. मॉर्गन वॉर्ड आणि डॅरेन डाल यांनी २०१४ मध्ये मांडलं की उंची ब्रँडच्या विक्रेत्याने तुच्छतेने वागवलं, तर त्या ब्रँडची आस असणाऱ्यांची ती वस्तू घेण्याची इच्छा उलट वाढते. साध्या, रोजच्या ब्रँडच्या बाबतीत असं होत नाही. आणि ही वाढलेली इच्छा टिकतही नाही, काही काळाने ओसरते. तोवर बिल झालेलं असतं. या खरेदीला आम्ही दोघांनी ‘पुराव्याची खरेदी’ असं नाव ठेवलं. तिच्या मुळाशी एक हट्ट असतो : ‘मला परवडतं हे त्याला कळलंच पाहिजे.’ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत अशा ‘च’वर बोट ठेवतात. कळलं तर बरं, इथवर ठीक. पण कळलंच पाहिजे म्हटलं की किल्ली विक्रेत्याच्या हातात जाते. मी विचारलं, “त्याला कळलं, मग तुम्हाला काय मिळालं?” बराच वेळ गेला. मग म्हणाले, “मला घड्याळ, त्याला कमिशन.” त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

आता सवयींकडे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिचा गाभा असा : भ्यालेला माणूस लक्ष बाहेरून काढून स्वतःवर लावतो आणि भीती टाळायला छोट्या युक्त्या वापरतो. या युक्त्याच भीती जिवंत ठेवतात, कारण ‘युक्तीमुळे वाचलो’ असं वाटत राहतं. यांच्या युक्त्या : हात खिशात, दारातच ‘नुसतं बघतोय’ म्हणून टाकणं, फोनवर बोलत फिरणं, किंमत न विचारणं. त्यातली पहिली तर उलटीच पडते. लहान आणि किमती वस्तूंच्या दुकानात खिशात हात घालून फिरणाऱ्यावर गार्डची नजर जास्त राहते.

सराव पायरीपायरीने ठरवला. प्रत्येक वेळी जाण्याआधी एका ओळीत भाकीत लिहायचं (‘मला बाहेर काढतील’, ‘कुणी बोलणारच नाही’) आणि भीतीला ० ते १०० मध्ये आकडा द्यायचा. परतल्यावर भाकिताशेजारी घडलेलं लिहायचं. पहिल्या पायरीत आत जायचं, हात मोकळे ठेवायचे, एका वस्तूची किंमत विचारायची आणि ‘धन्यवाद, आज घेत नाही’ म्हणून बाहेर पडायचं. पाचेक मिनिटांचं काम. अशा दुकानांत बऱ्याच वस्तूंवर किंमत लावलेलीच नसते, तेव्हा विचारण्यात कमीपणा कसला? दुसऱ्या पायरीत वस्तू बाहेर काढायला लावायची आणि कामाचे तीन प्रश्न विचारायचे. त्यांचे प्रश्न असे होते : पॉवर रिझर्व्ह (काढून ठेवल्यावर घड्याळ चालतं तो वेळ) किती तास? सर्व्हिसिंग किती वर्षांनी आणि खर्च किती? पट्ट्याच्या कड्या कमी करून मिळतील का? प्रश्न विचारत असताना लक्ष आपोआप वस्तूवर राहतं, हा त्यांचा दुसरा उपयोग. तिसऱ्या पायरीत दोन नग शेजारी ठेवून घ्यायचे, मनगटावर घालून बघायचे आणि तरीही न घेता निघायचं. चौथी पायरी तीच, फक्त वर्कशॉपच्या कपड्यांत. पायरी एकदा जमली म्हणून पुढे जायचं नाही. वेगवेगळ्या दुकानांत ती दोन-तीनदा करायची, नाहीतर ‘तो विक्रेता भला होता’ एवढंच शिकणं होतं.

सुरुवातीच्या तिन्ही पायऱ्यांना कार्ड आणि पैसे घरी. हा नियम मी सैल करत नाही, कारण पुराव्याच्या खरेदीची उबळ अर्ध्या मिनिटात येते आणि पाकीट जवळ असेल तर सगळी मेहनत बिलात जाते.

बिघडतं ते बहुधा चार ठिकाणी. सेलच्या गर्दीत गेलं की दुर्लक्ष कपड्यांमुळे झालं की गर्दीमुळे, हे कळत नाही. त्यापेक्षा आठवड्यातली निवांत वेळ बरी. बोलका मित्र सोबत नेला की सगळं तोच बोलतो. वाक्यं इतकी पाठ केली जातात की माणूस विक्रेत्याचं उत्तरच ऐकत नाही. आणि भीती ८० वर असताना ‘आधी आत्मविश्वास येऊ दे’ म्हणून थांबलं जातं. या गृहस्थांचं तेच झालं, पहिली पायरी दोन आठवडे लांबली. आत्मविश्वास या कामात नंतर येतो, कधी कधी येतच नाही. किंमत विचारायला तो लागत नाही.

तिसऱ्या पायरीवर एका दुकानात खरंच उद्धट वागणूक मिळाली. दुसरं गिऱ्हाईक येताच विक्रेत्याने ट्रे उचलून नेला. याची तयारी आधी केलेली होती. आवाज न चढवता, घडलेली गोष्ट सांगून एक मागणी करायची : “मी हे बघत होतो. मला दुसरं कुणी दाखवू शकेल का?” नकार आला तर मॅनेजर. तोही टाळत असेल तर निघायचं, आणि त्याच दिवशी तारीख, वेळ, बिल्ल्यावरचं नाव आणि नेमके शब्द लिहून कंपनीला लेखी तक्रार. त्यात ‘अपमानास्पद’, ‘माजोरडा’ अशी विशेषणं घालायची नाहीत, कॅमेऱ्याच्या ओळी घालायच्या. तक्रारीत विशेषणं दिसली की ती वाचणारा भावना शांत करणारं एक साचेबंद पत्र पाठवून मोकळा होतो. घटनेवर मात्र त्याला उत्तर द्यावं लागतं. यांनी दुसरा विक्रेता मागितला, मिळाला, दोन्ही घड्याळं बघितली आणि घरी आले. भाकीत होतं ‘हातापायांना कापरं भरेल’. शेजारी लिहिलं : ‘कान तापले. बाकी काही नाही.’

वर्ण, अपंगत्व, पेहराव किंवा समाज यावरून प्रवेशच नाकारला, पाठीवर गार्ड लावला किंवा झडती मागितली, तर मात्र हा सराव त्यावरचा इलाज नाही. तिथे प्रश्न तुमच्या भीतीचा राहत नाही, दुकानाच्या वागण्याचा होतो. साक्षीदार, नोंद आणि कायद्याची मदत हाच मार्ग. तसंच, लोक बघतील ही भीती दुकानापुरती न राहता जेवण, बैठका, फोन यांत सहा महिने वा अधिक पसरली असेल, किंवा दिसण्यातल्या एखाद्या ‘दोषा’चा विचार दिवसाचा तासभर किंवा जास्त खात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावं.

चौथ्या पायरीनंतर त्यांनी ३८ मिलिमीटरचं साधं घड्याळ घेतलं. जुनं क्रोनोग्राफ विकलं, त्यात तोटा झाला.

एक प्रश्न बरेच जण विचारतात, त्यांनीही विचारला : नीट कपडे करून जाणं मग पळपुटेपणा का? नाही. विक्रेता बघणारच नाही असं कळलं तरी जे घातलं असतं, ते घालून जा. काही कपडे तर मापासाठी लागतातच. सूट घ्यायचा तर ज्या बुटांवर तो घालणार ते बूट पायात हवेत, नाहीतर पँटची उंची चुकते. घड्याळ घ्यायचं तर रोजचा पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा, म्हणजे कफ त्यावरून सरकतो का ते तिथेच कळतं. अंगठी घ्यायची तर सकाळच्या थंडीत बोट मोजू नये. तेव्हा ते जरा बारीक झालेलं असतं, आणि दुपारी अंगठी अडकते.