शंका-समाधान : सूर्य पांघरलेली स्त्री

प्रश्न : 15 ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या मिस्सात (कॅथलिक उपासनेत) पहिले वाचन प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या 12व्या अध्यायातले असते. त्यातली सूर्य पांघरलेली, पायाखाली चंद्र असलेली स्त्री प्रसूतीच्या कळांनी ओरडते. येशूची आई मरिया हिला कळा आल्या नाहीत असे आपण मानतो, मग ती मरिया कशी? माझी प्रॉटेस्टंट जाऊ म्हणते, ती इस्राएल. धर्मशिक्षणाच्या वर्गात काय सांगू?

उत्तर : जाऊबाई म्हणतात ते खरेच आहे, फक्त अपुरे आहे. वर्गात सुरुवात तिथूनच करा. योसेफाच्या स्वप्नात (उत्पत्ती 37:9) सूर्य, चंद्र आणि अकरा तारे येतात, म्हणजे याकोबाचे घराणे. स्त्रीच्या मुकुटातले बारा तारे म्हणजे बारा वंश. प्रसवणारी सियोन, म्हणजे यरुशलेम नगरीही यशया 66 मध्ये आधीच भेटते. पण पाचव्या वचनातला मुलगा राष्ट्रांवर लोहदंडाने राज्य करणार आहे. हे स्तोत्र 2:9 मधले, म्हणजे मुलगा ख्रिस्त. मग त्याची आई चित्राबाहेर ठेवताच येत नाही. प्रकटीकरणात तिला नाव नाही, नुसती ‘स्त्री’; तसेच योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या आईचे नाव एकदाही येत नाही. काना इथे आणि क्रुसाखाली येशू तिला ‘बाई’ अशीच हाक मारतो.

कळा बेथलेहेमच्या गोठ्याशी जोडल्या की सगळा घोटाळा होतो. पोप दहावे पायस यांनी 1904 च्या पत्रात लिहिले की प्रकटीकरणाच्या दृष्टांतात योहानाला दिसलेली मरिया आधीच स्वर्गात आहे. या कळा आपल्या, म्हणजे श्रद्धावंतांच्या, जन्माच्या. त्याला आधार आहे 17व्या वचनाचा : तिच्या मुलाला गिळू पाहणारा अजगर ‘तिच्या बाकीच्या संतानाशी’ लढायला जातो. अडचण अशी, की मिस्सातले वाचन सहाव्या वचनाच्या अर्ध्यावर थांबून दहाव्यावर उडी मारते, आणि 17वे कानावर पडतच नाही. म्हणून वर्गात बायबल उघडून अख्खा अध्याय वाचा, तोही 11:19 पासून. तिथे कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी) दिसतो आणि लगेच ही स्त्री; म्हणजे मरिया हाच नवा कोश. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात मरिया आपल्या नातलग अलिशिबेकडे सुमारे तीन महिने राहते. 2 शमुवेल 6:11 मध्ये कोशही ओबेद-अदोमाच्या घरी तीन महिने होता. मुलांना हे स्वतः शोधू द्या. अजगराची शिंगे मोजण्यात तास घालवू नका, मुलांना तेच हवे असते.

प्रश्न : 23 सप्टेंबर 2017 ला या स्त्रीचे चिन्ह कन्या राशीच्या रूपाने आकाशात दिसले म्हणतात. खरे का?

उत्तर : नाही. सप्टेंबरअखेर सूर्य दरवर्षी कन्येत असतो, चंद्र दर महिन्याला तिथून जातो. मुकुटातले बारा तारे भरावेत म्हणून सिंह राशीतले नऊच धरले आणि बुध, शुक्र, मंगळ जोडले; सिंहेत त्याहून कितीतरी जास्त तारे नुसत्या डोळ्यांना दिसतात. सहाव्या वचनातले 1260 दिवसही पंचांगात मांडायचे नसतात. 30 दिवसांचे 42 महिने, म्हणजे साडेतीन वर्षे, हा दानीएल 7:25 मधला छळाचा काळ. सात हा पूर्णत्वाचा आकडा; हा काळ त्याच्या निम्मा, म्हणजे देवाने मर्यादा घातलेला.