तुम्ही विचारलंत: ९१.५ वर स्पॅनिश बोलणारी ती माणसं कोण?

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. मे महिन्यात मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो. योसेमिटी बघायला निघालो तेव्हा फ्रेस्नोच्या आसपास गाडीतल्या रेडिओवर ९१.५ ला एक स्पॅनिश केंद्र लागलं. आधी अकॉर्डियनवरची गाणी, मग तासभर नुसतं बोलणं. लोक फोन करत होते आणि कुणीतरी शांतपणे उत्तरं देत होतं. जाहिरात एकही नाही. मुलगा म्हणाला, हा त्यांचा पब्लिक रेडिओ. म्हणजे नक्की कुणाचा? सरकारचा? आणि इंदुरात आपण मराठी माणसं होळकरांच्या काळापासून आहोत, मग आपला असा रेडिओ का नाही? तुम्ही मालवा हाउसमध्ये, म्हणजे इंदूर आकाशवाणीत, काम केलंय, म्हणून तुम्हालाच विचारतो.
(बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर: तुम्ही ऐकलंत ते केएसजेव्ही, 'रादिओ बिलिंग्वे'चं मूळ केंद्र. बिलिंग्वे म्हणजे द्विभाषिक. २०१७ साली लेकीच्या बाळंतपणासाठी मी पाच महिने फ्रेस्नोत होते आणि हे केंद्र रोज ऐकत होते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, तेवढं चालवून घ्या.

ते सरकारी नाही. रेडिओ म्हटलं की आपल्याला दोनच प्रकार आठवतात, एक आकाशवाणी आणि दुसरी जाहिरातींवर चालणारी एफएम केंद्रं. अमेरिकेत तिसराही प्रकार आहे. तिथे एफएमच्या पट्टीतला ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा तुकडा बिगरव्यावसायिक केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. तिथली केंद्रं विद्यापीठं किंवा ना-नफा संस्था चालवतात. पैसा येतो श्रोत्यांच्या वर्गणीतून, देणग्यांतून, काही अनुदानातून. निवेदन करणारे बरेचसे स्वयंसेवक.

रादिओ बिलिंग्वे ज्यांनी उभं केलं ते ह्युगो मोरालेस मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातले, मिस्तेक या आदिवासी समाजातले. लहानपणी कॅलिफोर्नियात आले आणि घरच्यांबरोबर शेतमजुरी केली. पुढे हार्वर्डला शिकले, तिथूनच कायद्याची पदवी घेतली. मोठ्या शहरात वकिली करून सुखात राहता आलं असतं. ते फ्रेस्नोला आले. भोवती सॅन वाकीन खोरं, द्राक्षं, बेदाणे, बदाम, संत्री, आणि या सगळ्याची तोडणी करणारे हजारो मेक्सिकन हात. १९७६ मध्ये संस्थेची जमवाजमव सुरू झाली आणि ४ जुलै १९८०ला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, केंद्र हवेवर गेलं. तो दिवस मुद्दाम निवडला असणार, असं मला वाटतं.

आता मी तिथे काय ऐकलं ते सांगते. लेकीकडे आठवड्यातून दोनदा घर आवरायला एक बाई यायच्या, मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या. आल्या की आधी ओट्यावर छोटा रेडिओ लावायच्या. दुपारी बाराला 'लीनेआ आबिएर्ता' लागायचं. नावाचा अर्थ खुली लाइन. १९९५ पासून चालू असलेला, देशभरातल्या केंद्रांवरून थेट जाणारा फोनचा कार्यक्रम. मला स्पॅनिश येत नाही. तरी पहिल्याच दिवशी मी हातातलं काम टाकून उभी राहिले, कारण ती लय माझ्या ओळखीची होती. गाणं संपतं, निवेदक दोन वाक्यं बोलतो, फोनची खरखर, पलीकडून बिचकलेला आवाज, आणि निवेदकाचं 'आदेलांते', म्हणजे बोला, पुढे बोला. फोन करणाऱ्याला सतत 'उस्तेद', आपलं अहोजाहो. मजूर असो की डॉक्टर.

जुलैतली एक दुपार. बाहेर बेचाळीस अंश. एका बाईचा फोन आला. नवरा द्राक्षाच्या मळ्यात आहे, पाण्याचं पिंप लांब ट्रकपाशी ठेवतात, तिथवर जाऊन आलं की मुकादम ओरडतो. आमच्याकडच्या बाई मोडक्या इंग्रजीत मला सांगत होत्या. कार्यक्रमाला बोलावलेल्या पाहुण्याने उत्तर दिलं की कॅलिफोर्नियात २००५ पासून याचा नियमच आहे. उन्हात काम करणाऱ्या प्रत्येकाला ताशी जवळजवळ एक लिटर प्यायचं पाणी मिळालंच पाहिजे आणि ते कामाच्या जागेपासून शक्य तितकं जवळ हवं. पारा सत्तावीसच्या आसपास गेला की सावलीची सोय मालकाने करायची. भोवळ आल्यासारखं वाटलं तर मजूर निदान पाच मिनिटं सावलीत बसायला मागू शकतो, आणि मागितली तर नाही म्हणता येत नाही. मग तक्रारीचा फोन नंबर सांगितला. निवेदकाने विचारलं, लिहून घेतलात का? आणि नंबर परत सांगितला, एकेक आकडा सुटा करून. आमच्या बाईंनी ओले हात झग्याला पुसले, ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि किराण्याच्या बिलाच्या मागे तो नंबर लिहिला. त्यांचा नवरासुद्धा मळ्यातच होता.

लगेच पुढचं गाणं लागलं. अकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो, ही बारा तारांची जाड आवाजाची गिटार. त्याला नॉर्तेन्यो म्हणतात. गाण्यासाठी माणूस रेडिओ लावतो आणि लावलेला असतो म्हणून पाण्याचा नियम त्याच्या कानावर पडतो. नुसता नियम सांगणारा रेडिओ कुणी दिवसभर लावून ठेवणार नाही.

मालवा हाउसमध्ये मी नैमित्तिक उद्घोषिका होते तेव्हा संध्याकाळी 'खेती गृहस्थी' असायचं. नंदाजी-भेराजींची जोडी मालवी बोलीत बोलायची. तुमच्या वयाच्या वाचकांना आवाजासकट आठवेल. गंमत करता करता बियाणं, खत, कीड, सगळं येऊन जायचं. देपालपूरकडच्या एका शेतकऱ्याने पोस्टकार्डावर सोयाबीनचं पिवळं पान चिकटवून पाठवलं होतं, खाली दोनच शब्द, 'यो कंई?' हे काय? ते पान माझ्या टेबलावर किती दिवस होतं. फ्रेस्नोच्या ओट्यावरचा तो रेडिओ ऐकताना मला ते पान दिसत होतं.

अशी केंद्रं तिथे आणखीही आहेत. सांता रोझाचं केबीबीएफ १९७३ चं, म्हणजे फ्रेस्नोच्याही आधीचं. वॉशिंग्टन राज्यात याकिमाच्या खोऱ्यात, सफरचंदांच्या मुलखात, ग्रेंजर नावाचं छोटं गाव आहे. तिथे डिसेंबर १९७९ मध्ये केडीएनए सुरू झालं. अक्षरं सलग म्हटली की 'कादेना' होतं, म्हणजे साखळी. रोसा रामोन ही बाई तिथली केंद्रप्रमुख होती, त्या काळात! मुलांसाठी, आयांसाठी वेगळे कार्यक्रम. आणि इमिग्रेशनवाल्यांचा छापा पडतोय असं कळलं की ते त्यावरचं एक ठरलेलं गाणं लावायचे. मळ्यातल्या माणसांना तेवढ्यावर समजायचं.

सगळ्यात जास्त मनात राहिलंय ते रविवारचं 'ला ओरा मिस्तेका'. कॅलिफोर्नियातल्या सगळ्या मेक्सिकन मजुरांची भाषा स्पॅनिश, असं आपण धरून चालतो. तसं नाही. वाहाकाहून आलेल्या कित्येकांची मायबोली मिस्तेक आहे, स्पॅनिश त्यांना परकीच. म्हणून स्पॅनिश केंद्राने आपल्याच वेळेतले काही तास मिस्तेकला दिले. उपग्रहावरून तो कार्यक्रम तिकडे डोंगरातल्या गावांपर्यंत जातो. पोरगा इथून निरोप देतो, आई तिकडे ऐकते. स्वतः धाकट्या ठरलेल्या भाषेने आपल्याहून धाकट्या भाषेला जागा द्यायची, हे मोठं मन आहे.

पैशाचं मात्र आता अवघड झालंय. १९६७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या महामंडळामार्फत सार्वजनिक केंद्रांना अनुदान जायचं. २०२५ च्या जुलैत अमेरिकी संसदेने आधी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि महामंडळाने काम आवरायला घेतलं. मोठ्या शहरातल्या केंद्रांना श्रीमंत श्रोते सांभाळून घेतील. ज्यांचा श्रोता द्राक्षं तोडतो त्या केंद्रांनी वर्गणी मागायची तरी किती? याने मला खरंच वाईट वाटतं.

आता आपलं. काही वर्षांपूर्वी इथल्या एका मंडळातल्या मुलांनी इंटरनेटवर मराठी रेडिओ सुरू केला होता. मलाही बोलावलं. भावगीतं, नाट्यगीतं, दिवाळी पहाट. अकरा आठवडे चालला. बंद पडला तो पैशावाचून नाही, त्या अकरा आठवड्यांत एकही फोन आला नाही म्हणून. मी बैठकीत सुचवलं होतं की मालमत्ताकर, जुन्या वाड्यांतली भाडेकरूंची भांडणं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे दवाखान्याचे कागद, हेही घ्या. 'ताई, रेडिओवर कशाला ते रडगाणं?' असं उत्तर मिळालं. मी पुढे रेटलं नाही, याची खंत आहे.

खरं सांगायचं तर रामबाग, नारायणबाग, राजेंद्रनगरच्या आपल्या घरांना अशा रेडिओची गरज भासत नाही, कारण आपल्याला हिंदी घरच्यासारखी येते आणि अर्ज भरायला कुणी ना कुणी असतं. इंदुरात त्या द्राक्षमळ्यातल्या माणसाच्या जागी कोण आहे? सकाळी मजूर चौकात डबा घेऊन उभे असलेले झाबुआ-अलिराजपूरचे भिलाले, खरगोन-बडवानीचे निमाडी, बांधकामावर आलेले खानदेशातले, विदर्भातले आपलेच लोक. मराठी रेडिओ निघणार असेल तर त्याने या माणसांची मजुरी, त्यांच्या पोरांची शाळा हातात घ्यावी, आणि रविवारचा एक तास भिलीला द्यावा. असा रेडिओ काढणार असाल तर या वयातही मी माइकपुढे येऊन बसेन.

प्रश्न: परक्या देशात जाऊन राहायचं आणि आपल्याच भाषेत रेडिओ मागायचा, हे बरोबर आहे का? मग त्यांची मुलं इंग्रजी कशी शिकणार?
(एक वाचक भगिनी, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर: मुलं शिकतातच हो. अडतं आईचं. शाळेत नाव कसं घालायचं, पालकसभेला दुभाषी मागता येतो का, हे तिला तिच्या भाषेत कळलं तरच ती मुलाला इंग्रजी शाळेच्या दारापर्यंत नेणार. शिवाय परका देश म्हणताना एक लक्षात घ्या, कॅलिफोर्निया १८४८ पर्यंत मेक्सिकोचाच भाग होता. स्पॅनिश तिथे इंग्रजीच्या आधीची आहे. आणि तुम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहता. शिंद्यांच्या त्या वस्तीत घरात मराठी बोलून तुमच्या कुणाचं हिंदी बिघडलं का?

प्रश्न: मी बडोद्याला समाजकार्याचं शिक्षण घेते. दांडिया बाजार भागात मराठी-गुजराती मिळून छोटं रेडिओ केंद्र काढावं असं आम्हा काही मैत्रिणींना वाटतं. कायद्याने जमतं का? बातम्या देता येतात का?
(एक विद्यार्थिनी, बडोदा)

उत्तर: जमतं, पण एकट्यादुकट्याला नाही. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. त्यानंतर आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचं दार उघडलं. संस्था ना-नफा हवी आणि नोंदणीला निदान तीन वर्षं झालेली हवीत. तेव्हा तुमच्या महाविद्यालयाला किंवा एखाद्या जुन्या संस्थेला गाठा. शंभर वॅटचा प्रक्षेपक मिळतो, आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. दांडिया बाजाराला तेवढा पुष्कळ. निम्मे कार्यक्रम तरी तिथल्या तिथे तयार झालेले लागतात. म्हसवडची 'माणदेशी तरंग' वाहिनी याच वाटेने उभी राहिली, तिथे एकदा जाऊन बघून या.

स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा देता येतात. हे मला पटत नाही, पण नियम आहे. मात्र पाणीपुरवठा, वीज, वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, गावातले कार्यक्रम, पूर, यांना नियमातच बातमीबाहेर ठेवलंय. विश्वामित्री नदी चढते तेव्हा कुठल्या गल्लीत पाणी शिरलं हे सांगायला तुम्हाला कुणी अडवणार नाही.

अर्जाच्या आधी मोबाइलवर अर्ध्या तासाचा नमुना ध्वनिमुद्रित करून मला पाठवा. गाणी दोनच घाला, एक मराठी, एक गुजराती. उरलेल्या वेळात गल्लीतल्या एकाच माणसाचा एकच खरा प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर देऊ शकणारा माणूस शोधून आणा. फोन नंबर सांगाल तेव्हा सावकाश, दोनदा सांगा. ऐकणाऱ्याला हात पुसून पेन्सिल शोधायची असते.