हिरवं दिसलं म्हणजे जंगलच असं नाही
उपग्रहचित्रांवरून जंगलाचे नि प्राण्यांच्या अधिवासाचे नकाशे करायला शिकायचंय ना? मग सॉफ्टवेअर कुठलं शिकू, यात फार अडकू नकोस. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा हळूहळू जमेल. खरी मेख डेटा वाचण्यात आहे. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला पिक्सेल, म्हणजे एक ठिपका, जमिनीवर ३० मीटरचा, सेंटिनेल-२ उपग्रहाचा १० मीटरचा. ओढ्याकाठची झाडांची अरुंद पट्टी पहिल्यात शेजारच्या शेतात मिसळून जाते, आणि प्राणी बऱ्याचदा नेमके तिथूनच ये-जा करतात! एनडीव्हीआय या हिरवेपणा मोजणाऱ्या निर्देशांकाला तर निलगिरीची लागवड काय नि नैसर्गिक जंगल काय, दोन्ही हिरवंच. म्हणून चित्रातल्या जमिनीचं जंगल, शेत असं वर्गीकरण झालं की जीपीएस घेऊन जागेवर जा नि पडताळून बघ. क्षेत्रफळ काढण्याआधी प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, तपास. आणि हो, संख्याशास्त्राचा कंटाळा नको. एकमेकांजवळच्या जागांवरून घेतलेले नमुने एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. नोकरीच्या मुलाखतीत मी तरी नकाशा किती सुबक आहे यापेक्षा त्याची अचूकता कशी तपासली, हेच आधी विचारते.