एच शून्य आहे की नाही?

"अकरावीत गेल्यापासून हिचं गणित पार बसलंय, मॅडम. मॅथ्स सोडवून बायो देऊ का?"

इंदूरला रामबागेत मी समुपदेशन करते, आणि माझ्याकडे दर पावसाळ्यात हा प्रश्न येतोच. दहावीला नव्वदच्या वर मार्क, आणि कोचिंग सुरू होऊन महिना होत नाही तोच मूल वही उघडून रडायला लागतं. बऱ्याचदा मूळ एकच निघतं, डेरिवेटिव्ह, म्हणजे एक राशी किंचित बदलली की दुसरी तिच्या किती पट बदलते ते. शाळेत तो धडा यायला अवकाश असतो, पण फिजिक्सच्या सरांना वेग आणि त्वरण शिकवायला तो आधीच लागतो. मग एखाद्या तासात सूत्र फळ्यावर येतं: घात पुढे आणा, घातातून एक कमी करा. एक्स वर्गाचं टू एक्स. झालं.

मागच्या वर्षी अशीच एक मुलगी आईबरोबर आली. तिला मुक्ता म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आई दारातूनच सांगायला लागल्या, "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागते, धड जेवून नाही राहिली." मी आधी झोप आणि जेवण यांचीच चौकशी केली. ते फार दिवस बिघडलेलं असेल तर गणिताचं नंतर बघायचं असतं. मुक्ताचं आठवडाभराचंच होतं. मग आईंना बाहेर बसवलं आणि तिला म्हटलं, "वही काढ. ज्या ओळीपाशी अडतेस, तिच्यावर बोट ठेव."

हे मी हल्ली प्रत्येकाला करायला लावते. "गणित येत नाही" यावर मला काहीच करता येत नाही. एका ओळीवर बोट आलं की करता येतं. पुष्कळांचं बोट कंसाचा वर्ग सोडवतात तिथे जातं. त्यांचं बीजगणित नववीपासून कच्चं राहिलेलं असतं, थोडे दिवस तेवढंच करून घेतलं की गाडी पुढे सरकते.

मुक्ताचं बीजगणित पक्कं होतं. एक्स ३ असताना वर्ग ९. एच म्हणजे छोटीशी वाढ; एक्स ३ अधिक एच केला की वर्ग ९ अधिक ६ एच अधिक एच वर्ग. वाढ तेवढी घेतली, एचनं भागली, ६ अधिक एच उरलं. शेवटी एच शून्य, उत्तर ६. तिचं बोट याच ओळीवर होतं.

"भागताना म्हणतात एच शून्य नाही, कारण शून्यानं भागता येत नाही. आणि लगेच पुढे म्हणतात एच शून्य. ही चीटिंग नाही का? क्लासमध्ये विचारलं तर सगळे हसले. सर म्हणाले, डोकं नको लावू, फॉर्म्युला लाव. सगळ्यांना समजतं, मलाच नाही."

हे ऐकून माझ्या पोटात तुटलं. मी समुपदेशनाकडे वळण्याआधी गणितात बी.एस्सी. केलं, आणि हा प्रश्न किती मोठा आहे ते मला ठाऊक होतं. तिला सांगितलं, नेमकी हीच हरकत आयर्लंडमधल्या बर्कली नावाच्या बिशपनं १७३४ साली न्यूटनच्या पद्धतीवर छापून घेतली होती. कोशी नावाच्या गणितज्ञानं पॅरिसमध्ये १८२१ साली लिमिटची कल्पना पायाशी घातली, तेव्हा कुठे उत्तराची वाट सापडली. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "त्यांनाही हसले असतील?"

मग ग्राफ पेपर काढला. ३ सेंटिमीटर बाजूचा चौरस आखून घेतला आणि म्हटलं, आता बाजू फक्त १ मिलिमीटर वाढव. तिनं उजवीकडे एक पट्टी रंगवली, वर एक पट्टी, आणि कोपऱ्यात उरला एक चौकोन. "मोज." एका पट्टीत ३० बारीक घरं, दुसरीत ३०, कोपऱ्यात १. एकूण ६१. म्हणजे क्षेत्र ०.६१ चौरस सेंटिमीटरनं वाढलं, बाजू ०.१ नं, भागाकार ६.१. तिनं पेन्सिल कोपऱ्यातल्या त्या एकट्या घरावर टेकवली. "वरचा पॉइंट वन इथून आला."

एच ०.०१ घेतला तर ६.०१. उणे ०.१ घेतला तर ५.९. एच शून्य मानायची गरजच नाही. तो शून्याच्या हवा तितका जवळ न्यायचा आणि भागाकार कुठल्या आकड्याच्या हवा तितका जवळ जातो ते विचारायचं. तो आकडा ६, आणि त्यालाच लिमिट म्हणतात. ६ अधिक एच यात एचच्या जागी शून्य टाकतात ती तोच आकडा शोधायची सोपी रीत, कारण ही राशी तिथे अचानक उडी न मारता गुण्यागोविंदानं चालते. आणि टू एक्समधले दोन म्हणजे तिनं रंगवलेल्या दोन पट्ट्या.

आईंना एवढंच सांगितलं, की बायो आवडत असेल तर जरूर द्या, पण या ओळीच्या धाकानं नको. आणि ही शंका काढते तेव्हा घरात कुणी "सोड ना" म्हणू नका.

तिसऱ्या वेळी मुक्ता धाकट्या भावाचा रुबिक क्यूब घेऊन आली. पुठ्ठ्याचे तीन चौकोन कापले होते. एक वर ठेवला, दोन बाजूंना हातानं दाबून धरले. "एक्सच्या घनाचं थ्री एक्स वर्ग. हे तीन. आणि मॅडम, कडांना तीन बारीक पट्ट्या राहतात, कोपऱ्याला एक दाणा. ते एच लहान केलं की जातात, मी करून पाहिलं."