नुसती बंदूक सापडली म्हणून जेल, हे बरोबर आहे का?

प्रश्न: माझा आणि माझ्या मित्राचा यावरून कायम वाद होतो. तो म्हणतो, एखाद्याकडे विनालायसन्स पिस्तूल सापडलं पण त्याने ते कोणावर रोखलं नाही, गोळी झाडली नाही, कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही, तर त्याला वर्षानुवर्षं आत टाकणं हा सरळ अन्याय आहे. मला वाटतं कडक शिक्षा हवीच, पण त्याच्या बोलण्यात काहीतरी तथ्य आहे असंही वाटत राहतं. कोण बरोबर?

उत्तर: कोणाला लागलं नाही म्हणजे गुन्हाच नाही, हे मला अजिबात पटत नाही. चाकू किंवा काठी घेऊन भांडण झालं तर मधे पडायला, पळायला, ओरडून लोक गोळा करायला थोडा तरी वेळ मिळतो. बंदुकीत तो मिळत नाही, रागाच्या भरात किंवा दारू प्यायलेल्या अवस्थेत बोट दाबलं की संपलं, आणि म्हणून कायदा जर गोळी सुटेपर्यंत वाट बघत बसला तर तो कायम उशिराच पोचणार. लायसन्स देताना माणसाची चौकशी होते, हत्याराचा नंबर नोंदवला जातो, उद्या काही झालं तर ते कोणाचं हे सापडतं. बेकायदा हत्यारात यातलं काहीच नसतं. त्यामुळे ते जवळ बाळगणं हाच गुन्हा, इथपर्यंत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

पण शिक्षा किती आणि ती कोणी ठरवायची, हा प्रश्न आला की मी तुमच्या मित्राकडे सरकते. कारण आजकाल कायदे किमान शिक्षा ठरवून टाकतात आणि जजच्या हातात फारसं काही उरतच नाही. ब्रिटनमध्ये २००४ पासून बंदी असलेलं पिस्तूल सापडलं की प्रौढ माणसाला किमान ५ वर्षं. आपल्याकडे १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये साध्या विनालायसन्स बंदुकीला १ ते ३ वर्षं होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती २ ते ५ झाली, आणि ऑटोमॅटिकसारखं बंदी असलेल्या प्रकारातलं हत्यार असेल तर ५ ते १० च्या जागी ७ ते १४. अमेरिकेत आधी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाकडे बंदूक सापडली तर फेडरल (म्हणजे केंद्राच्या) कायद्यात कमाल १० वर्षं होती, ती २०२२ मध्ये १५ केली, आणि आधीचे तीन हिंसक किंवा ड्रग्जचे मोठे गुन्हे नावावर असतील तर १५ ही कमाल नाही, किमान होते.

आता यात कोण कोण येतं बघा. टोळीसाठी हत्यारं पुरवणारा येतो, सुपारी घेऊन फिरणारा येतो, पण धमक्यांना घाबरून, पोलिसांत जाऊन काही होणार नाही असं वाटून पिस्तूल घेतलेला माणूसही येतो, मित्राने ही बॅग दोन दिवस ठेव म्हटलं म्हणून ठेवलेला १९ वर्षांचा मुलगाही येतो. किमान शिक्षेच्या कायद्याला हे सगळे जवळपास सारखेच दिसतात.

इंग्लंडमधली एक केस मला या बाबतीत नेहमी आठवते, २००९ ची. एका माजी सैनिकाला आपल्या बागेच्या टोकाला काळी पिशवी पडलेली दिसली, आत नळी कापलेली शॉटगन आणि दोन काडतुसं. त्याने पोलिसांतल्या मोठ्या अधिकाऱ्याला फोन करून भेटायची वेळ घेतली, स्टेशनला गेला आणि बंदूक टेबलावर ठेवली. तिथेच त्याला अटक झाली. त्या कायद्यात हेतू विचारलाच जात नाही, हत्यार तुमच्या ताब्यात होतं ना, मग गुन्हा झाला, त्यामुळे ज्युरीने त्याला दोषी ठरवलं आणि ५ वर्षांची किमान शिक्षा समोर उभी राहिली. शेवटी जजने अपवादात्मक परिस्थितीचं कलम वापरून १२ महिन्यांची स्थगित शिक्षा दिली (म्हणजे लगेच जेलमध्ये जावं लागत नाही) आणि तो घरी गेला. पण तोपर्यंत त्या माणसाने आणि त्याच्या घरच्यांनी ते महिने कसे काढले असतील? जो माणूस हत्यार रस्त्यावरून काढून पोलिसांच्या हातात देतो त्यालाच आरोपी करणारा कायदा न्याय्य आहे असं मी म्हणूच शकत नाही.

आपल्याकडची कोर्टं या बाबतीत जास्त शहाणपणाने वागली आहेत. सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्येच सांगितलं की हत्यार आपल्याकडे आहे याची माणसाला जाणीव हवी आणि त्यावर त्याचा ताबा हवा, तरच ते बाळगणं ठरतं. विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात एखादं जुनं काडतूस सापडतं, बहुतेक वेळा घरातल्या लायसन्सवाल्या कोणाचं तरी आणि त्या प्रवाशाला पत्ताही नसतो, अशा कितीतरी एफआयआर हायकोर्टांनी याच आधारावर रद्द केल्यात. शिवाय साध्या बंदुकीच्या केसमध्ये विशेष कारण निकालपत्रात लिहून किमानपेक्षा कमी शिक्षा द्यायची मुभाही कोर्टाला आहे. ही मुभा राहिलीच पाहिजे, उलट ती अजून मोकळेपणाने वापरली गेली पाहिजे असं माझं मत आहे.

आणि याचा अर्थ सगळ्यांना सोडून द्या असा नाही. संजय दत्तच्या केसवरून लोक आजही भांडतात. टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या आरोपातून तो सुटला, पण आर्म्स ॲक्टखाली त्याला २००७ मध्ये ६ वर्षं झाली आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती ५ वर आणली, म्हणजे तेव्हाच्या कायद्यातली किमान. घरच्यांच्या रक्षणासाठी घेतली असं म्हणणं होतं. पण ती एके-५६ होती, ती कोणाकडून आली हे माहीत होतं, आणि ते सगळं १९९३ च्या मुंबईत घडत होतं. मला ती शिक्षा जास्त वाटत नाही. मी जे म्हणतेय ते हेच, की हत्यार कुठलं, आलं कुठून, भरलेलं होतं का, घेऊन कुठे चालला होता, आधीचं रेकॉर्ड काय, हे बघून शिक्षा ठरावी, आणि ते बघितल्यावर ती कडक निघाली तर निघू दे.

प्रश्न: माझा भाऊ गोळीबारात गेला. त्याचं कोणाशी वैर नव्हतं, तो फक्त तिथून जात होता. ज्याने गोळी झाडली तो त्याआधी बेकायदा पिस्तुलासकट पकडला गेला होता आणि जामिनावर बाहेर होता. आरोपींची परिस्थिती बघा असं सगळे सांगतात. आमची कोण बघणार?

उत्तर: ताई, तुमचा राग अगदी योग्य ठिकाणी आहे. तो माणूस पहिल्यांदा पकडला गेला तेव्हाच काहीतरी व्हायला हवं होतं आणि ते झालं नाही. पण ते का झालं नाही याचं उत्तर बहुतेक वेळा शिक्षा कमी होती हे नसतं.

अशा केसेस कोर्टात कशा पडतात ते बघा. पोलीस सापळा लावतात, कमरेचा कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं जप्त होतात, पेपरात फोटो येतो. मग काही वर्षांनी केस उभी राहते तेव्हा पंच फितूर होतात, मुद्देमाल नीट सील केलेला नसतो, हत्याराच्या तपासणीचा बॅलिस्टिक रिपोर्ट आलेला नसतो, किंवा आर्म्स ॲक्टच्या कलम ३९ खाली खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची जी परवानगी लागते तीच नीट घेतलेली नसते, आणि आरोपी निर्दोष सुटतो. कायद्यात ५ च्या जागी १५ वर्षं लिहिली तरी यातली एकही गोष्ट सुधारत नाही.

नुसती शिक्षा वाढवून काय होतं याचे अनुभव जुने आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १९७४ मध्ये कायदा केला, विनापरवाना बंदूक घेऊन फिरलात तर १ वर्ष जेल नक्की. सुरुवातीला बंदुकीचे हल्ले कमी झाले पण बंदुकीशिवायचे हल्ले वाढले, आणि पोलीसही हात राखून वागायला लागले, बऱ्याच वेळा हत्यार जप्त करायचे पण अटक करायचे नाहीत, कारण समोरच्या माणसाला एवढी शिक्षा व्हावी असं त्यांनाच वाटायचं नाही. मिशिगनमध्ये १९७७ पासून गुन्ह्यात बंदूक असेल तर २ वर्षं जास्तीची लागायला लागली, तर डेट्रॉइटमधल्या जजनी बऱ्याच केसेसमध्ये मूळ गुन्ह्याची शिक्षाच तेवढी खाली आणली, बेरीज होती तिथेच.

अजून एक सांगते, तुम्हाला कदाचित आवडणार नाही. कायदा जितका कडक आणि जितका ठरलेला, तितकी सगळी ताकद कोणाला थांबवून झडती घ्यायची हे ठरवणाऱ्याकडे जाते. अमेरिकेत आधी दोषी ठरलेल्याकडे बंदूक सापडण्याचं जे फेडरल कलम वर सांगितलं, त्याखाली शिक्षा होणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय असतात. न्यूयॉर्कमध्ये बंदूक बाहेर घेऊन फिरायचं लायसन्स हवं तर खास कारण दाखवावं लागायचं, ती अट २०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रद्द केली, त्या केसमध्ये गरिबांचे खटले चालवणाऱ्या सरकारी खर्चाच्या वकिलांनी बंदूकवाल्यांच्या बाजूने अर्ज दिला होता, कारण नुसती बंदूक जवळ होती म्हणून वर्षानुवर्षं आत जाणारे त्यांचे अशील जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक होते. आपल्याकडेही झडती कुठल्या वस्तीत होते आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्या बड्या घरच्या मुलाकडे किती वेळा काणाडोळा होतो, हे तुम्ही-आम्ही बघतोच.

मग तुमच्या भावासाठी काय हवं होतं? माझ्या मते ती पहिली केस वर्षभरात निकाली निघायला हवी होती. हत्यार कुठून आलं याचा माग विकणाऱ्यापर्यंत जायला हवा होता, कारण पकडला जातो तो शेवटचा गिऱ्हाईक आणि बनवणारा, पुरवणारा तसाच राहतो. आणि जामीन देताना आधीचं रेकॉर्ड, कोणाला धमकी दिली होती का, हे सगळं कोर्टासमोर आणणं सरकारी वकिलाचं काम होतं. जो दुसऱ्यांदा हत्यारासकट सापडतो त्याला लांबची शिक्षा झाली तर मला त्यात काहीच चुकीचं वाटत नाही, तुमच्याइतकीच मीही त्याची मागणी करीन. खटला चालू असेल तर पीडिताचे नातेवाईक म्हणून तुम्ही कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देऊ शकता, जामिनाला विरोध करू शकता, आणि आरोपी सुटला तर कायदेशीर वारसाला अपीलही करता येतं. हे कोणी तुम्हाला आपणहून सांगणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

प्रश्न: वडील वारले. कपाटात त्यांची बंदूक आहे, लायसन्स त्यांच्या नावावर होतं. घरात तशीच ठेवली तर आम्ही गुन्हेगार ठरतो का?

उत्तर: लायसन्स वडिलांचं होतं, ते तुमच्याकडे आपोआप येत नाही, त्यामुळे ती तशीच वर्षानुवर्षं कपाटात राहिली तर अडचणीत येऊ शकता. आर्म्स ॲक्टच्या कलम २१ मध्ये अशा वेळेसाठीच सोय आहे, विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे ती जमा करायची. नंतर तुम्हाला ठेवायची असेल तर तुमच्या नावाने लायसन्सचा अर्ज करता येतो किंवा विकताही येते. स्वतः पिशवीत घालून घेऊन जाऊ नका, आधी स्टेशनला फोन करा, वडिलांचं लायसन्स आणि मृत्यूचा दाखला हाताशी ठेवा, कधी आणि कशी आणायची ते त्यांनाच विचारा, भरलेली आहे का हे बघायला तिला हात लावू नका. काडतुसं असतील तर तीही याच वेळी द्या, ड्रॉवरमध्ये एखादं राहिलंय का ते शोधा, आणि जमा केल्याची नंबरसकट लेखी पावती घेतल्याशिवाय तिथून निघू नका.